वरातीमागून घोडं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि आज भांडायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना सकाळच्या चहाबरोबर गोड काही वाचायचं असेल त्यांनी मागची पेरूच्या जेलीची पोस्ट वाचावी.

भांडण आहे एका फॉरवर्डशी. या पंधरवड्यात तो मला चार जणांकडून आला. दोन माजी विद्यार्थिनी, एक भाचा, आणि चौथे आपल्यातलेच एक ब्लॉगर स्नेही (त्यांनी खाली फुलांचा गुच्छही जोडला होता). फोटोत हातात पुरस्कार घेतलेली एक कृष्णवर्णीय वृद्धा, चेहरा असा की बघत राहावं. खाली मजकूर: सिसिली टायसन. वयाच्या ८८ व्या वर्षी टोनी, ९३ व्या वर्षी ऑस्कर. वय म्हणजे फक्त आकडा! उशीर कधीच झालेला नसतो! एका विद्यार्थिनीने वर लिहिलं होतं, "बाई, तुम्हाला नक्की आवडेल."

आकडे बरोबर आहेत. टायसनबाईही मला आवडतात, गेली काही वर्षं मी त्यांचं हाती लागेल ते बघते आहे. पण मजकूर साफ खोटा आहे. उशीर झाला होता. चांगला अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. आणि तो तिने केलेला नव्हता.

अठ्ठावीस कुठून आले, त्याचा हिशेब देते. शाळेतली सवय, नुसतं उत्तर लिहिलं तर मी अर्धेच गुण द्यायची.

१९२४ सालच्या शेवटी अमेरिकेत सत्तावीस दिवसांच्या अंतराने दोन मुली जन्मल्या. २२ नोव्हेंबरला मिसुरी राज्यात जेराल्डिन पेज आणि १९ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये सिसिली टायसन. पहिली गोरी, डॉक्टरची मुलगी, शिकागोत वाढलेली, तिथेच रीतसर नाट्यशिक्षण घेतलेली. दुसरीचे आईवडील वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस नावाच्या छोट्या बेटावरून पोट भरायला आलेले. आई लोकांच्या घरची कामं करायची. घरात देवाधर्माचं वातावरण इतकं कडक की नाटक-सिनेमा म्हणजे पापच. आठवडाभर चर्च.

१९५२ साली, सत्ताविसाव्या वर्षी, पेजला न्यूयॉर्कच्या एका लहानशा नाट्यगृहात टेनेसी विल्यम्सचं 'समर अँड स्मोक' मिळालं आणि ती एकदम नावारूपाला आली. ब्रॉडवेच्या बाहेरच्या छोट्या रंगभूमीकडे लोक गंभीरपणे बघू लागले ते त्या प्रयोगापासून, असं नाटकाचा इतिहास लिहिणारे सांगतात. पुढच्याच वर्षी सिनेमा, आणि पहिल्याच मोठ्या सिनेमाला ऑस्करचं नामांकन. टायसन शाळकरी वयातच आई झाली होती. मूल सांभाळायचं, नोकरी करायची. रेडक्रॉसच्या कचेरीत ती टायपिस्ट होती. जन्मभर टाइपरायटर बडवायला देवाने मला जन्माला घातलेलं नाही, असं म्हणून एक दिवस ती उठली. आधी मासिकांसाठी मॉडेलिंग, मग नाटक. नाटकात जाते म्हटल्यावर आईने घराबाहेर काढलं. तेव्हा ती तिशीची झाली होती. मॅनेजरने सांगितलं, वय दहा वर्षं कमी सांगायचं. म्हणून कितीतरी वर्षं संदर्भग्रंथांत तिचं जन्मसाल १९३३ छापलं जात होतं. "वय म्हणजे फक्त आकडा" म्हणणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. त्या आकड्याची तिला इतकी भीती घालून दिली होती की तो जन्मभर लपवून ठेवावा लागला.

तरी ती पुढे आली. १९६१ मध्ये जाँ जने या फ्रेंच नाटककाराचं 'द ब्लॅक्स' न्यूयॉर्कमध्ये लागलं. सगळे नट कृष्णवर्णीय. जेम्स अर्ल जोन्स, माया अँजेलो, लुई गॉसेट आणि ही. चौदाशेच्या वर प्रयोग झाले. १९६३ मध्ये 'ईस्ट साइड/वेस्ट साइड' नावाच्या टीव्ही मालिकेत तिला सेक्रेटरीची भूमिका मिळाली. ती स्वतःच्या नैसर्गिक कुरळ्या, आखूड केसांनिशी पडद्यावर आली. त्या काळात केस सरळ करून, नाहीतर टोप घालूनच कॅमेऱ्यासमोर यायची रीत होती. केसांचं काय एवढं, असं कुणाला वाटेल. पण ते बघून अमेरिकेतल्या कितीतरी काळ्या बायकांनी आपले केस सरळ करणं सोडलं. मालिका एका वर्षात बंद पडली.

मग १९७२. 'साउंडर'. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: १९३३ सालचं लुइझियाना, दुसऱ्याची जमीन बटाईने कसणारं गरीब काळं कुटुंब. घरात खायला नाही म्हणून नवरा मांस चोरतो आणि तुरुंगात जातो. मागे बायको रेबेका, तीन मुलं आणि कुत्रा. आधी टायसनला त्यातल्या शिक्षिकेच्या छोट्या भूमिकेसाठी विचारलं होतं. (शिक्षिकेची भूमिका छोटीच असते, सिनेमात काय आणि आयुष्यात काय.) ती म्हणाली, करीन तर रेबेका. आणि तिने रेबेका केली. नवरा लंगडत परत येताना लांबून दिसतो आणि ती त्या मातीच्या रस्त्यावरून धावत सुटते, तो प्रसंग माझ्या लेखी अभिनयाचा धडा आहे. त्यात संवाद नाही. उर फुटेस्तोवर धावणारी एक सडपातळ बाई आहे, आणि तिच्या धावण्यातच तुम्हाला मागचं सगळं वर्ष दिसतं.

ऑस्करच्या चार नामांकनांत 'साउंडर' होता आणि त्यातलं एक तिचं. त्याच वर्षी डायना रॉसलाही नामांकन होतं. मुख्य अभिनेत्रीच्या यादीत एकाच वर्षी दोन कृष्णवर्णीय बायका, हे तोवर घडलं नव्हतं. बक्षीस गेलं लायझा मिनेलीला, त्याबद्दल तक्रार नाही. आणि योगायोग बघा, त्याच समारंभात सहायक अभिनेत्रीच्या यादीत जेराल्डिन पेजही होती. तीही हरली. दोघी अठ्ठेचाळिसाव्या वर्षात. इथपर्यंत, उशिरा का होईना, दुसरी पहिलीच्या जवळपास पोचली होती असं म्हणता येईल.

आता नामांकनानंतर काय झालं ते बघा. माझं भांडण इथूनच सुरू होतं.

पेजला त्यानंतरही मुख्य सिनेमात भूमिका येत राहिल्या. १९७८ मध्ये वुडी ॲलनचा 'इंटिरियर्स', पुन्हा नामांकन. १९८२ मध्ये ब्रॉडवेवर 'ॲग्नेस ऑफ गॉड'. १९८४ मध्ये आणखी एका सिनेमाला नामांकन, सातवं. टायसनला १९७६ मध्ये जॉर्ज क्यूकरसारख्या मोठ्या दिग्दर्शकाच्या 'द ब्लू बर्ड' या सिनेमात भूमिका मिळाली. अमेरिका आणि सोव्हिएत रशियाने मिळून काढलेला सिनेमा. एलिझाबेथ टेलर राणी, चेटकीण, आई असं बरंच काही होती. जेन फोंडा रात्र होती. सिसिली टायसन मांजर होती.

मांजर! 'साउंडर'नंतर चार वर्षांनी. परीकथा आहे, कुणीतरी मांजर व्हायला हवंच, हे मलाही कळतं. तरीपण.

तिला जगवलं ते टीव्हीने. १९७४ मध्ये 'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन'. अर्नेस्ट गेन्स यांच्या कादंबरीवरून. गुलामगिरीत जन्मलेली बाई ११० वर्षं जगते आणि नागरी हक्कांची चळवळ बघते. टायसनने ती तरुणपणापासून ११० पर्यंत केली. शेवटी ही म्हातारी काठी टेकत, एकेक पाऊल टाकत, कोर्टासमोरच्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या नळापर्यंत जाते आणि पाणी पिते. बाजूला पोलीस उभे. एवढंच. त्या भूमिकेने तिला दोन एमी मिळाले. चेहऱ्यावर सुरकुत्या चढवायला तासन्‌तास बसावं लागे. आता जरा विचार करा, तेव्हा तिचं खरं वय होतं ४९. जगासाठी ती चाळिशीची. म्हणजे ११० वर्षांची दिसली म्हणून तिला टाळ्या पडत होत्या आणि ४९ वर्षांची आहे हे सांगायची सोय नव्हती.

पुढे 'रूट्स', मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नीची भूमिका, हॅरिएट टबमन, आणि १९८१ मध्ये शिकागोच्या मार्व्हा कॉलिन्स या शिक्षिकेची. हा शेवटचा मी दोनदा पाहिला. सरकारी शाळेने ढ ठरवून टाकलेल्या मुलांसाठी स्वतःची शाळा काढणारी बाई. खडू धरणारा हात खोटा असला तर आम्हा शिक्षकांना लगेच कळतं. तो हात खरा होता.

पण हे सगळं टीव्हीवर. सिनेमाचं दार किलकिलंच राहिलं.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. लोक म्हणतात, तिनेच भूमिका नाकारल्या. खरं आहे. 'साउंडर'च्या वेळची गोष्ट ती स्वतः अनेकदा सांगत असे. एका गोऱ्या पत्रकाराने कबूल केलं की सिनेमातला काळा मुलगा बापाला 'डॅडी' म्हणतो हे ऐकून त्याला अवघडल्यासारखं झालं, कारण त्याची स्वतःची मुलं त्याला तीच हाक मारतात. म्हणजे काळ्या माणसाला बाप म्हणून बघायचीच सवय नव्हती. तेव्हा तिने ठरवलं की आपल्या लोकांना माणूस म्हणून न दाखवणारी भूमिका करायची नाही. आणि ती खरोखर घरी बसली. ती बसली म्हणून आपण तिला तत्त्वनिष्ठ म्हणतो, बाणेदार म्हणतो, मृत्युलेखात लिहितो.

मला हा बाणेदारपणाचा हार फार सोयीचा वाटतो. ताटात दोनच पदार्थ वाढायचे, दोन्ही नासके, आणि माणूस उपाशी उठला की म्हणायचं, वा, काय संयम आहे! सत्तरच्या दशकात काळ्या अभिनेत्रीपुढे हॉलिवूडने काय ठेवलं होतं? वेश्या, नशेबाज, नाहीतर मोलकरीण. निवड करायला समोर निवडण्यासारखं असावं लागतं. तिच्या नकाराचं श्रेय तिला जरूर द्या, पण तिच्यावर नकाराची पाळी कुणी आणली तेही त्याच वाक्यात लिहा. आणि कुणाला वाटत असेल की हा तिच्या हट्टी स्वभावाचा प्रश्न होता, तर डायना रॉसचं बघा. तीही त्याच यादीतली, शिवाय जगप्रसिद्ध गायिका. तिला किती सिनेमे मिळाले? नामांकनाचा धरून उण्यापुऱ्या तीन. मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर एखाद्या कृष्णवर्णीय बाईला मिळायला २००२ साल उजाडलं, हॅले बेरीच्या रूपाने. सगळ्याच हट्टी होत्या की काय?

रंगभूमीवर वेगळं घडेल असं वाटलं होतं. १९८३ मध्ये तिने ब्रॉडवेवर 'द कॉर्न इज ग्रीन' केलं. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात शाळा काढणारी मिस मॉफट (पुन्हा शिक्षिका, आमच्या धंद्याचं तिच्याशी काहीतरी नातं होतं खरं). मूळची गोऱ्या बाईची भूमिका, सिनेमात ती बेटी डेव्हिसने केलेली, टीव्हीवर कॅथरीन हेपबर्नने. टायसनच्या प्रयोगाला समीक्षकांनी धुतलं, हे लपवायचं कारण नाही. ऑगस्टमध्ये सुरू झालेलं नाटक सप्टेंबरात बंद. नाटकं पडतात. बेटी डेव्हिस स्वतः याच गोष्टीवरच्या संगीत नाटकात १९७४ मध्ये सपशेल पडली होती, ते तर ब्रॉडवेपर्यंत पोचलंसुद्धा नाही. पण त्यानंतर बेटी डेव्हिसला कुणी घरी बसवलं नाही. टायसन मात्र ब्रॉडवेवर पुन्हा उभी राहिली ती तीस वर्षांनी.

(मधल्या काळात तिने माइल्स डेव्हिसशी लग्न केलं आणि ते मोडलं. वर्तमानपत्रांनी या विषयावर जेवढी शाई खर्च केली त्याच्या निम्मी जरी तिच्या कामावर केली असती तर मला आज लिहायला कमी उरलं असतं. मी त्यात शिरत नाही.)

आता १९८५. हॉर्टन फूट यांचं 'द ट्रिप टू बाउंटिफुल' हे जुनं नाटक. १९५३ मध्ये आधी टीव्हीवर आणि मग ब्रॉडवेवर लिलियन गिशने केलेलं. त्याचा सिनेमा आला. गोष्ट कुणाही मराठी घरात कळेल अशी आहे. कॅरी वॉट्स ही म्हातारी ह्यूस्टन शहरात मुलगा आणि सून यांच्याबरोबर छोट्या घरात राहते. सुनेला तिचं भजन म्हणणं चालत नाही. सुनेचा डोळा तिच्या पेन्शनच्या चेकवर. म्हातारीला मरण्याआधी एकदा आपलं गाव बघायचं आहे, बाउंटिफुल. ती चेक लपवून पळते, बसमध्ये बसते. गावात पोचते तेव्हा तिथे कुणी उरलेलं नाही. घर पडायला आलेलं. मुलगा न्यायला येतो. बस, एवढीच गोष्ट.

सिनेमात कॅरी वॉट्स झाली होती जेराल्डिन पेज. आठव्या नामांकनात तिला अखेर ऑस्कर मिळालं. १९८६ च्या समारंभात पाकीट उघडल्यावर, नाव वाचण्याआधीच, एफ. मरे अब्राहम म्हणाले की इंग्रजी भाषेतली सर्वांत थोर अभिनेत्री मी हिलाच मानतो. पेज तेव्हा ६१ वर्षांची होती.

तो सिनेमा सिसिली टायसननेही पाहिला. पाहून ती थेट एजंटकडे गेली आणि म्हणाली, मला माझं 'बाउंटिफुल' मिळवून दे, मग मी निवृत्त होते. हे तिनेच पुढे सांगितलं आहे. ती तेव्हा साठीची होती. पेजएवढीच. तीच वर्षं, तोच देश, तीच इच्छा.

ते तिला २०१३ मध्ये मिळालं. नाटककार फूट तोवर वारले होते, त्यांच्या मुलीने पुढाकार घेतला. न्यूयॉर्कच्या स्टीफन सोंडहाइम थिएटरमध्ये एप्रिलमध्ये प्रयोग सुरू झाले. मुलाच्या भूमिकेत क्यूबा गुडिंग ज्युनियर, सून व्हनेसा विल्यम्स. सगळं कुटुंब काळं. आणि त्यासाठी मूळ नाटकात फारसं काही बदलावंही लागलं नाही! म्हातारी तीच, सून तीच, गाव तेच. मग जे २०१३ मध्ये चाललं ते १९८६ मध्ये का चाललं नसतं? कागद तोच होता आणि बाई तीच होती. त्या वेळी करून बघण्याची कुणाला गरज वाटली नाही, याखेरीज दुसरं कारण मला दिसत नाही.

हे माझे अठ्ठावीस.

आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. टायसनच्या बाबतीत चणे आले तेव्हा दात शाबूत होते. हे तिचं कर्तृत्व. पथ्याने राहिलेलं शरीर, प्रचंड शिस्त, देवावरचा भरवसा आणि थोडं नशीबही. फॉरवर्ड करणारे ते श्रेय उचलून चणेवाल्याच्या पदरात टाकतात. बघा बघा, शेवटी मिळालेच ना! अहो, ती सत्तराव्या वर्षी गेली असती तर? पेज १९८७ मध्ये बासष्टाव्या वर्षी गेली, ब्रॉडवेवर तिचं नाटक चालू असताना. टायसनही त्या वयात गेली असती तर तिची कॅरी वॉट्स जगात आलीच नसती आणि हा फॉरवर्डही निघाला नसता. ज्यांचे दात टिकले नाहीत अशा किती जणी असतील, त्यांचे फोटो कुणाकडेच नाहीत.

मधल्या काळात ती रिकामी नव्हती, हेही सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी प्रतिक्रियेत मला पकडेल. १९९१ मध्ये 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज'मध्ये ती स्वयंपाकीण होती. १९९४ मध्ये एका टीव्हीपटात पूर्वाश्रमीची गुलाम, त्यासाठी तिसरं एमी. २०११ मध्ये 'द हेल्प'मध्ये म्हातारी मोलकरीण. प्रत्येक भूमिकेत तिने जीव ओतला. एका मालिकेत ती नागरी हक्कांसाठी लढणारी वकील होती, ती एक वर्ष चालली. यादी तुम्हीच वाचा. मी काही बोलत नाही.

टोनीच्या रात्रीचा प्रसंग मात्र मला राहवत नाही म्हणून सांगते. ८८ वर्षांची बाई मंचावर येते, सगळं सभागृह उभं राहतं. तीस वर्षांनी मी रंगमंचावर आले, असं ती सांगते. बोलता बोलता तिला समोरच्या पाटीवर सूचना दिसते, की आता आवरतं घ्या. तीस वर्षं थांबवून ठेवलेल्या बाईला आपण तीन मिनिटं देऊ शकत नाही! तिने त्याचीही गोड कोटी केली, त्या सूचनेतलाच शब्द उचलून म्हणाली की तुम्ही मला मायेने कवेत घेतलंत. सगळे हसले, टाळ्या पडल्या. मीही हसले होते. नंतर हसू मावळलं.

आणि ते ऑस्कर. फॉरवर्डवाल्यांना बहुधा माहीत नसावं की ते मानद ऑस्कर होतं. आपल्याकडे ज्याला जीवनगौरव म्हणतात तसलं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये दिलं. तो मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण हे मानद पुरस्कार ऑस्करच्या मुख्य रात्री, सगळं जग टीव्हीसमोर बसलेलं असताना देत नाहीत. २००९ पासून त्यांचा वेगळा समारंभ असतो, काही महिने आधी, जेवणासह. वरातीमागून घोडं, तेही मागच्या गल्लीतून. मला जीवनगौरव या प्रकाराचाच राग आहे. काम द्यायला पैसे लागतात, धोका पत्करावा लागतो, कुणीतरी भूमिका लिहावी लागते. जीवनगौरवाला एक पुतळी लागते आणि दोन भाषणं. जिने सगळं आयुष्य काम मागितलं तिला शेवटी मान देऊन मोकळं व्हायचं.

कुणी म्हणेल, ती स्वतः तर एवढी कृतज्ञ होती, तुम्ही का चिडता? बरोबर. ती चिडली असती असं मला वाटत नाही. तिचा विश्वास होता की देवाने योजलेल्या वेळीच सगळं होतं. तो तिचा अधिकार. ज्याने सोसलं त्याने माफ करावं. जे बघत होते त्यांनी तिच्या वतीने माफी वाटत सुटू नये.

जेराल्डिन पेजबद्दल माझ्या मनात आकस नाही हेही लिहून ठेवते. तिलाही आठव्यांदा मिळालं. टोनीची चार नामांकनं झाली आणि ते तर तिला कधीच मिळालं नाही. तिनेही वाट बघितली. फरक एवढाच की ती काम करता करता वाट बघत होती. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, ही भाषेची गरिबी आहे.

मला हा फॉरवर्ड एवढा का झोंबला, असं भाच्याने फोनवर विचारलं. कारण "उशीर कधीच झालेला नसतो" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे, आणि ते नेहमी अडवणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. आमच्या पिढीतल्या किती बायकांना गाणं, पुढचं शिक्षण, नोकरी यांबाबत "आत्ता नको, नंतर कर" सांगितलं गेलं. साठीनंतर तीच माणसं कौतुकाने पेटीचा क्लास लावून देतात आणि म्हणतात, बघ, उशीर झालाय का? हो, झालाय. क्लासला मी जाते, आनंदाने जाते. पण झालाय.

टायसनचं आत्मचरित्र २६ जानेवारी २०२१ ला प्रसिद्ध झालं आणि दोनच दिवसांनी, २८ ला, ती गेली. ९६ वर्षांची होती. त्या पुस्तकाची प्रस्तावना व्हायोला डेव्हिसने लिहिली आहे. आपण लिहून संपवेपर्यंत थांबली, मग गेली, असं माझी भाची म्हणते.

ज्यांना वेळ असेल त्यांनी एक करा. १९८५ चा पेजचा 'बाउंटिफुल' आधी बघा. मग २०१४ मध्ये टायसनचा टीव्हीसाठी केलेला बघा, तो मूळ प्रयोगावरूनच बेतला आहे. माझं इंग्रजी मराठी माध्यमातलं, मी खाली अक्षरं लावून बघते, तुम्हीही लाजू नका. पेजची कॅरी घाबरट आहे, सतत हातांशी चाळा, पुटपुटणं, बघता बघता पोटात तुटतं. टायसनची कॅरी खोडकर आहे. तिच्यात शाळेतून पळालेल्या पोरीचा आनंद आहे. ती भजन म्हणायला लागते तेव्हा पाय जमिनीवर ठरत नाहीत. न्यूयॉर्कच्या प्रयोगात म्हणे प्रेक्षकच तिच्याबरोबर गायला लागायचे. टीव्हीपट दाखवला गेला तेव्हा ती ८९ वर्षांची होती. त्या बस स्टँडवरच्या प्रसंगात तिच्याकडे नीट बघा, आणि साठीत तिने हेच कसं केलं असतं याचा अंदाज बांधून मला प्रतिक्रियेत लिहा.